माती वारीला जाते, परत येत नाही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, सप्ताहाच्या पाचव्या दिवशी दुपारी झालेले भाषण)



कीर्तनाला उभं राहिलं म्हणजे पाठीशी अभंग असतो. चुकलं-माकलं तर टाळकरी सांभाळून घेतात. आज नुसतं बोलायचं आहे, म्हणून मी माझ्या पायाखालचाच विषय घेतला. विषय माती. माती कशी जाते, आणि आपण शेती करता करता तिला कसं घालवतो, एवढंच सांगणार आहे. शेवटी दिंडीच्या तीन एकरांबद्दल बोलणार आहे. त्यावर परवा बैठक आहे, म्हणून आजच कानावर घालतो.

वारी म्हणजे काय हो? लहान पोरगंसुद्धा सांगेल. जायचं आणि यायचं. नुसता गेला तो वारकरी नाही. पंढरीला जाऊन घरी येतो, पुन्हा वर्षानं जातो, तो वारकरी. आता ओंजळभर तीर्थ तांब्यात भरून आणता ना तुम्ही? ते घरी आणून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. आषाढातलं पाणी असेल तर तळाला गाळ बसलेला दिसतो. तो गाळ कुठला? थोडा सह्याद्रीचा असेल, थोडा मावळातला असेल. पण आपल्या ओढ्याचं पाणी नीरेला जातं. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. भीमा पुढं पंढरीत चंद्रभागा होते. म्हणजे त्या तांब्यात माझ्याही रानातली माती आहे, तुमच्याही रानातली आहे. आपण सराटीला पादुकांना नीरेचं स्नान घालतो, तेव्हाही ती पाण्यात असते. आपण चालत पंढरीला पोचायच्या आधी आपली माती तिथं पोचलेली असते. फरक एवढाच, की आपण द्वादशी सोडून माघारी फिरतो आणि ती पुढं जाते. भीमेतून कृष्णेला, कृष्णेतून धरणं ओलांडून पूर्वेच्या समुद्राला. तिची वारी नाही. ती एकदाच जाते.

मी चौथी शिकलेला माणूस. आकडे मला झेपत नाहीत. पण नात कृषी पदविकेला आहे, तिनं कागदावर मांडून दिलंय ते वाचतो. १९८३ साली देहरादूनच्या मृद्‌संधारण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशाचा हिशेब केला. आपल्या देशात दरवर्षी ५३३ कोटी टन माती जागची हलते. हेक्टरी सोळा टनांच्या वर. त्यातली शंभरात २९ भाग कायमची समुद्रात जाते, १० भाग धरणांत बसते, बाकीची या रानातून त्या रानात, ओढ्यात, नाल्यात.

सोळा टन हेक्टरी म्हणजे एकरी साडेसहा टन. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. आता विचार करा, रात्री कुणी ट्रॅक्टर घेऊन आला आणि तुमच्या रानातनं दोन ट्रॉल्या चांगली माती भरून नेली, तर तुम्ही सकाळी गप्प बसाल का? काठी घेऊन निघाल. पोलीस पाटलाकडं जाल. पण पाऊस नेतो तेव्हा आपण चहा पीत दारात उभं राहून बघतो आणि म्हणतो, झकास पाऊस झाला!

हा सरासरीचा आकडा आहे. सपाट काळ्या रानात कमी जात असेल, माळाला उतारावर जास्त जात असेल. पण सरासरीनं धरलं तरी वीस-एक वर्षांत एक इंचाचा थर जातो. आणि खडकातनं इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. माझ्या वयाच्या माणसानं डोळ्यांदेखत दोन-तीन इंच घालवलेत. शिवाय जाते ती वरची, बारीक, कसदार. राहतात ते गोटे. म्हातारी माणसं म्हणायची, "पूर्वी ह्या रानात एवढं दगड नव्हतं." दगड काय उगवले नाहीत बाबांनो. वरचं पांघरूण गेलं, म्हणून उघडे पडले.

आता कुणी म्हणेल, बुवा, पाऊस देवाचा, उतार देवाचा, त्यात आमचं काय? ऐका.

पावसाचा थेंब लहान दिसतो, पण उघड्या ढेकळावर आपटला की ढेकूळ फोडतो आणि बारीक माती उडवतो. उडालेल्या मातीनं जमिनीची भोकं बुजतात. भोकं बुजली की पाणी मुरत नाही. मुरलं नाही की वाहतं, आणि वाहताना माती घेऊन जातं. जमिनीवर पालापाचोळा असेल, पीक असेल, गवत असेल, तर थेंबाचा मार त्यावर बसतो. आपण काय करतो? वैशाखात नांगरट करून, काडीन्‌काडी वेचून, पेटवून, रान आरशासारखं लख्ख करून ठेवतो. शेजारी म्हणतो, काय रान केलंय! आणि मृगाचा पहिला वळीव, सगळ्यात जोराचा, नेमका त्या उघड्या रानावर पडतो.

दुसरं, नांगरट कशी? बैलाच्या काळात माणूस उताराला आडवा नांगर धरायचा. चढाला बैल दमायचा, म्हणून का होईना, आडवंच व्हायचं. आता ट्रॅक्टर. त्याला चढ-उतार सारखाच. वळायला कमी लागावं म्हणून लांब तास हवेत, मग उतार कुठं का असेना. उताराच्या दिशेनं तास पडला की प्रत्येक सरी म्हणजे एक लहान ओढा. तुमच्याच हातानं पाण्याला वाट पाडून दिली. आडवा तास असला तर प्रत्येक तासाशी पाणी थबकतं. डिझेल तेवढंच लागतं हो, दोन-चार वळणं जास्त.

त्यात रोटाव्हेटर आला. माती पिठासारखी करतो. पेरायला गोड वाटतं. पण पीठ पाण्याबरोबर लगेच जातं. आणि दरवर्षी तेवढ्याच खोलीवर फिरवल्यानं पाच-सहा इंचांखाली तवा तयार होतो. मग पाणी खाली जात नाही, मूळ जात नाही. वर चिखल, खाली तवा.

तिसरा बांध. बांधावर तर कीर्तन करायचं झालं तर रात्र पुरणार नाही. आपल्याच शिवारात दोन सख्खे भाऊ. नावं घेत नाही, दोघंही माळकरी आहेत. सामाईक बांध अडीच-तीन हात रुंद. दरवर्षी नांगर धरला की हा इकडनं एक तास कोरायचा, तो तिकडनं एक. पाच-सहा वर्षांत बांध वीतभर राहिला. एका ऑगस्टात रात्रीत पाऊस झाला, बांध फुटला, आणि वरच्या भावाचं पाणी खालच्याच्या रानातनं असं गेलं, की दोघांच्याही रानात माणूस उभा राहील एवढी घळ पडली. मिळवलं दोघांनी मिळून चार तास, गेलं वीस गुंठे. कोर्टात अजून तारखा चालू आहेत, आणि घळ दरवर्षी थोडी मागं सरकते.

हे बांध फुकट आलेले नाहीत. १९४२ साली मुंबई सरकारनं जमीन सुधारणेचा कायदा केला. दुष्काळी मुलखात समपातळीवर ताल टाकायची कामं त्या काळात सुरू झाली. मग १९७२ चा दुष्काळ. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. माझी आई तालीच्या कामावर टोपलीनं माती वाहायची. मिलोची भाकरी, सुकडी, आणि आठवड्याचा पगार. गावातल्या बायकांच्या डोक्यावरनं गेलेल्या मातीनं आपल्या शिवारातल्या ताली उभ्या राहिल्या. आज तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आया, सासवा त्या कामावर होत्या. आता ऊस तोडायला यंत्र येणार, त्याला लांब सलग सऱ्या पाहिजेत, म्हणून जेसीबी लावून ती ताल एका दुपारी सपाट होते. यंत्र येऊ द्या, मजूर मिळत नाहीत हे मलाही दिसतंय. पण सऱ्या तालीला धरून आडव्या काढल्या तर ताल ठेवूनही यंत्र फिरतं. तेवढा विचार करायला अर्धा तास लागतो.

ही झाली वाहून जाणारी माती. आता जागेवर बसून मरणारी माती.

आपल्या डाव्या कालव्याला पाणी आलं ते १८८५ च्या सुमारास, इंग्रज सरकारच्या काळात. तोपर्यंत हा सगळा बाजरीचा मुलूख. पाणी आलं, ऊस आला, गूळ आला, माडीचं घर आलं. कालव्याला नावं ठेवणारा मी नव्हे, माझं घर त्यावरच उभं आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बारामतीकडच्या जमिनी खारायला लागल्या होत्या, आणि इंग्रजांचे अधिकारी चर खोदून निचऱ्याचे प्रयोग करत होते. म्हणजे हा रोग आपल्या दिंडीपेक्षाही वयानं मोठा आहे. औषधही तेव्हापासून माहीत आहे. घेतलं नाही एवढंच.

खार येतो कुठनं? लोक म्हणतात खतातनं. खताचा थोडा वाटा आहे, पण मोठा वाटा पाण्याचा. गोड पाण्यातसुद्धा थोडं मीठ विरघळलेलं असतं. एका लिटरला पाव ग्रॅम धरा, जिभेला कळत नाही एवढं. पाटपाण्यानं उसाला वर्षात अडीच मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एकरी एक कोटी लिटर होतं. नातीनं गुणाकार केला. एक कोटी लिटर गुणिले पाव ग्रॅम, म्हणजे अडीच टन मीठ. पन्नास किलोची पन्नास पोती. दर वर्षाला, एका एकरात. ऊस पाणी पितो, ऊन पाणी पितं. मीठ कुणी पीत नाही. ते तिथंच राहतं.

निचरा असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली जातं, ओढ्याला लागतं. काळ्या जमिनीला निचरा मुळात कमी. त्यात आपण काय केलं? ओढे कोरून, बुजवून, ऊस लावला. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. खालच्या पाण्याची पातळी वर आली. आणि दिव्याच्या वातीनं तेल चढावं तसं उन्हाळ्यात खालचं पाणी मातीतनं वर चढतं, उडून जातं, आणि मीठ वर ठेवून जातं. सकाळी रान पांढरं दिसतं. त्याच्यापुढची पायरी चोपण. क्षारातला सोडियम मातीचे कण सुटे करतो. ओली झाली की साबणासारखी, वाळली की विटेसारखी. डबक्यातलं पाणी तेलकट तपकिरी दिसतं. उसाचे डोळे उगवत नाहीत, खड्डे पडतात. शेजारी विचारतो, "बेणं कुठलं होतं?" बेण्याला कशाला बोल लावता?

ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की वरच्याच्या पाण्यानं खालच्याचं रान खारतं. वरच्यानं रात्री मोटर चालू करून झोपायचं, आणि पांढरं व्हायचं ते खालच्या विधवा बाईचं रान. तिनं काय करावं? आपण रोज ज्याच्या त्याच्या पाया पडतो, प्रत्येकाला माउली म्हणतो. खालच्या बांधाच्या माउलीच्या रानात आपण मीठ सोडतोय, ह्याची आठवण मोटरीचं बटण दाबताना व्हायला हवी.

आता खत आणि आग. सरकारनं २०१५ पासून माती परीक्षणाचं कार्ड द्यायला सुरुवात केली. ते कार्ड आपल्याकडं बहुतेकांच्या घरी फोटोच्या मागं खोचलेलं असतं. एकदा काढा आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी समजायचं. सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीतलं कुजलेलं सगळं, पाला, मुळं, शेण. तोच मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो, तोच पाणी धरून ठेवतो. तो गेला की माती सुटी होते आणि पहिल्या पावसात निघते. मग युरियाचं एक पोतं पुरत नाही, दोन लागतात. पुढच्या वर्षी तीन.

पूर्वी दावणीला चार जनावरं होती, उकिरडा होता. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन यायचे, आपण त्यांना रानात बसवायचो, धान्य द्यायचो, आणि रान खतून निघायचं. आता बैल गेले, मेंढरं बसवायला मोकळं रान नाही. मान्य. पण जे घरात आहे ते तरी जाळू नका. उसाचं पाचट एकरी तीन-चार टन निघतं. एक काडी ओढली की पंधरा मिनिटांत खेळ खलास. वर्षभर उसानं मातीला परत द्यायला जे तयार केलं, त्याचा धूर. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस साधी आहे. पाचट सरीत ठेवा. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत त्यावर टाका, आणि पाणी द्या. खोडवा तिकडं वाढतो, पाचट इकडं कुजतं. तण कमी, पाण्याची एखाद-दुसरी पाळी कमी. ते केंद्र १९३२ पासून नीरेच्या काठी आहे, आपल्यापासून लांब नाही. खारवट जमिनीत तग धरणारा फुले २६५ ऊस त्यांचाच.

आता तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. कालच एक तरुण मला म्हणाला, "बुवा, तुमचं बरंय. ज्वारी करा, हरभरा करा म्हणता. ज्वारीला भाव कोण देणार? उसाचं निदान बिल तरी येतं. सोसायटीचं कर्ज कशावर फेडायचं?" त्याचं खरं आहे. मातीची काळजी घ्यायला खिशात थोडी सवड लागते, आणि बाजारानं शेतकऱ्याला ती सवड ठेवलेली नाही. उसाला नाव ठेवून कुणाचं पोट भरत नाही. म्हणून मी ऊस सोडा म्हणत नाही. मी म्हणतो, बांध ठेवा, आडवं नांगरा, पाचट ठेवा, पाणी मोजून द्या, आणि तीन वर्षांतनं एकदा ताग नाहीतर धैंचा करून फुलावर यायच्या वेळेला गाडा. ह्यातल्या पहिल्या तीन गोष्टींना तर पैसाही लागत नाही.

आणि निचरा एकट्यानं होत नाही. जमिनीखाली तीन-चार फुटांवर भोकाभोकाचे पाईप घालून पाणी बाहेर काढतात, नाहीतर उघडा चर काढतात. पण ते पाणी ओढ्याला न्यायचं तर शेजाऱ्याच्या रानातनं न्यावं लागतं. चोपण जमिनीत जिप्सम घालायचं, तेही माती तपासून, आणि निचऱ्याची सोय झाल्यावर. आधी जिप्सम आणि निचऱ्याचा पत्ता नाही, मग पैसे पाण्यात. कृष्णाकाठी शिरोळ तालुक्यात शेतकरी एकत्र आले, जमिनीखाली पाईप घातले, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेली क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली. तिथली माणसं आपल्यासारखीच आहेत. त्यांच्यातही बांधाची भांडणं आहेत.

आता दिंडीच्या तीन एकरांवर येतो.

आपल्या दिंडीच्या पहिल्या विणेकऱ्यांनी ही तीन एकर अन्नदानासाठी दिली. माझ्या लहानपणी त्यात ज्वारी, तूर, हरभरा व्हायचा. पोती भरून बैलगाडीत घालायची आणि दिंडीबरोबर न्यायची. पंगतीला जी भाकरी पडायची ती त्या रानातली असायची. पुढं खंडानं द्यायची पद्धत पडली. दर पाडव्याला बोली. जो जास्त बोलेल त्याला एक वर्ष. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. तंबू, ट्रक, पाण्याचा टँकर, सगळ्याला रोकड लागते, आणि हिशेब ठेवणाऱ्यांनी चोख ठेवलाय.

पण एका वर्षाचा खंडकरी काय करेल? त्याला पुढच्या पाडव्याला रान आपलं राहील की नाही ठाऊक नाही. तो शेणखत कशाला घालेल? धैंचा कशाला गाडेल? तो पाणी सोडणार, युरिया टाकणार, ऊस नेणार आणि पाचट पेटवणार. त्याच्या जागी मी असतो तरी बोली फेडायची म्हणून तेच मनात आलं असतं. खालच्या अंगाचं अर्धं एकर आता पांढरं पडलंय. बोली दरवर्षी उतरतेय. जमीन देवाची, म्हणजे कुणाचीच नाही, अशी तिची गत झालीय.

आणि आता वीटभट्टीवाल्यानं निरोप पाठवलाय. वरची दोन फूट माती द्या, एकरकमी पैसे देतो. त्या पैशात शताब्दीचा स्वयंपाकाचा पत्राशेड उभा राहतो. बैठकीत हाच विषय आहे. काही जणांचं म्हणणं, माती काय, पुन्हा गाळ आणून टाकू. मंडळी, धरणातला गाळ आणून टाकणं चांगलं काम आहे, पण कुणाच्या तरी रानातनं गेलेली माती उचलून आणायची आणि आपली चांगली माती भट्टीत घालायची, हा कुठला व्यवहार? वरची दोन फूट म्हणजे चोवीस इंच. एका इंचाला शेकडो वर्षं. ती माती पहिल्या विणेकऱ्यांनीही तयार केलेली नव्हती. त्यांना मिळाली, त्यांनी पुढं दिली. अन्नदानाच्या जमिनीची वीट भाजून त्याच्यावर अन्नदानाचा शेड बांधला, तर पुढच्या शंभर वर्षांत त्या शेडात शिजवायचं काय?

मी नुसतं नाही म्हणून थांबत नाही. माझं म्हणणं असं.

एक, माती विकायची नाही. हे कायमचं लिहून ठेवायचं.

दोन, खंड एक वर्षाचा नको. गावातल्या एखाद्या कष्टाळू कुटुंबाला सात वर्षांसाठी द्यायची, थोड्या कमी खंडानं, पण अटी घालून. पाचट जाळायचं नाही. ताल मोडायची नाही. तिसऱ्या वर्षी हिरवळीचं खत. ऊस लावायचा तर ठिबकवर. दर दोन वर्षांनी मातीचा रिपोर्ट बैठकीत वाचून दाखवायचा, जसा जमाखर्च वाचतो तसा. मुदत लांब असली की माणूस जमिनीत जीव ओततो. पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर काय केलं? देवस्थानची चाळीस एकर पडीक माळजमीन दीर्घ मुदतीच्या करारानं घेतली, उतारावर बांध घातले, पाणी अडवलं, आणि त्या माळावर पिकं उभी केली. त्यातनंच पाणी पंचायत निघाली. माणशी पाणी मोजून वाटायचं आणि त्या पाण्यावर ऊस करायचा नाही, असा त्यांचा नियम होता. तीही जमीन देवाचीच होती. एक वर्षाच्या बोलीवर हे झालं असतं का?

तीन, खालच्या अर्ध्या एकराचा निचरा. शेजारच्या चार शेतकऱ्यांशी बोलून ओढ्यापर्यंत चर काढायचा. त्या चौघांपैकी दोघं इथंच बसलेत, माना खाली घालून हसतायत. त्यांच्याही रानाला फायदा आहे. ओढ्याचा बुजवलेला भाग मोकळा करायचा झाला तर गावानं बसून ठरवायचं. त्यात दिंडीनं पुढाकार घ्यावा, कारण दिंडीचा शब्द अजून गाव मोडत नाही.

चार, खंड कमी आला तर तूट कशी भरायची? घरटी एक पायली ज्वारी. शंभर वर्षांपूर्वी दिंडी अशीच चालायची. शेड पुढच्या वर्षी होईल. ह्या वर्षी झाडाखाली शिजवू. वारीत आपण अजून किती वेळा झाडाखालीच शिजवतो!

सावता महाराजांचं अरण आपल्यापासून फार लांब नाही. ते मळा सोडून कुठं गेले नाहीत, देव त्यांच्याकडं आला, अशी आपली श्रद्धा आहे. मला त्यातनं एवढंच कळतं, की मळ्याचं काम नीट करणं हीसुद्धा सेवाच. आपण एकादशी मोडत नाही. माळ घातल्यावर काय खायचं, काय खायचं नाही, ते काटेकोर पाळतो. त्यातच एक नेम मिळवा. घरी गेल्यावर ज्याच्या त्याच्या रानात एक बांध नीट करा, त्याच्यावर गवत राहू द्या. आणि यंदा पाचटाला काडी लावू नका. पुढच्या आषाढीला सराटीला नीरेवर थांबू तेव्हा मी एकेकाला विचारणार आहे. टाळकऱ्यांनाही सोडणार नाही.

परवा काल्यानंतर बैठक आहे. सगळ्यांनी या. मायमाउल्यांनो, तुम्हीही या, नुसता स्वयंपाक करून घरी जाऊ नका. ७२ साली तालीवर टोपल्या वाहिल्या त्या तुमच्या आया-सासवांनी, मग तालीचं काय करायचं हे ठरवताना तुमचा हात वर दिसला पाहिजे. ज्यांना माझं पटत नाही त्यांनी तर जरूर या आणि तोंडावर बोला. भांडण झालं तरी चालेल. विणेकरी बुवांनी वीणा खांद्यावर घेतली की सगळे पुन्हा एका रांगेत उभे राहतात, हे शंभर वर्षं बघितलेलं आहे.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल. रामकृष्ण हरी.